दार नसलेली पायरी

टेपचं दुसरं टोक गजानन कारभाऱ्याच्या मुठीत होतं आणि ते सोडायला तो तयार नव्हता.

"मी खिळा ठोकून एकटाच मापं घेतो," मी म्हटलं. "तुम्ही सावलीत बसा."

"नको. भाऊसाहेबांनी सांगितलंय, पाहुण्यांना एकटं सोडायचं नाही."

साइटवर क्लायंटचा माणूस सोबत असतो, त्यात नवल नाही. पण हा माझ्या मापांकडे बघतच नव्हता. मी कुठे बघतो, तिकडे बघत होता.

एकोणीसशे साठ ते सत्तरच्या मधलं वर्ष. मी गिरगावातल्या एका वर्कशॉपमध्ये मॉडेल-मेकर होतो. मालक दामूअण्णा. बिल्डरांना इमारतींची आणि प्रदर्शनांना धरणांची मॉडेलं आम्ही करून द्यायचो. शेताचं मॉडेल तोवर कुणी मागितलं नव्हतं. ते मागितलं पालघरच्या भाऊसाहेबांनी. सालवडजवळ त्यांची अडीच एकर भातशेती होती, मध्ये एक कौलारू कोठार. सगळं हुबेहूब हवं होतं.

कारण कचेरीतलं होतं. भाऊसाहेबांचं म्हणणं, हे शेत मी स्वतः मजूर लावून करतो, बारा वर्षांपूर्वी कोठारही मीच बांधलं. सोनीबाय नावाच्या विधवेचं म्हणणं, शेत आम्ही कसतो, मी कूळ आहे. कूळ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन वर्षानुवर्षं कसणारं माणूस. नव्या कायद्याने अशा कुळाचा जमिनीवर हक्क लागत होता. तारापूरला मोठं बांधकाम निघालं होतं, बोईसरला सिमेंटच्या वॅगनी उतरत होत्या. कालपर्यंत कुणी न विचारलेल्या जमिनींकडे लोक वळून बघायला लागले होते. सुनावणी पालघरला मामलेदारांपुढे होती, ऐन आषाढात. तेव्हा शेताची वाट गुडघाभर चिखलात जाते, साहेब काही तिथवर येणार नाहीत. म्हणून भाऊसाहेबांच्या वकिलांनी शेतच साहेबांच्या टेबलावर न्यायचं ठरवलं.

मी मापं घेत होतो तेव्हा वैशाख चालू होता. शेतात भाताचे वाळके खुंट तेवढे उरले होते. पलीकडच्या बांधावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती जवळ आली नाही. नुसती बघत राहिली.

"तीच ती," कारभारी म्हणाला. "तिच्याशी बोलू नका. खोटारडी आहे."

कोठाराचं जोतं मोजताना मागच्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीला लागून, मला दगडाची एक पायरी दिसली. मधोमध झिजलेली. पण भिंतीला तिथे दार नव्हतं. दार होतं पूर्वेला, गाडीवाटेच्या बाजूला.

"ही पायरी कसली?"

"तिनेच दगड आणून टाकलाय. इथे माझं घर होतं, असं दाखवायला. मॉडेलमध्ये घेऊ नका."

मी मान हलवली आणि वहीत पायरी काढून ठेवली. सवयीने. वहीत सगळंच काढायचं, काय गाळायचं ते वर्कशॉपमध्ये ठरवायचं, अशी अण्णांची शिस्त होती.

स्केल धरलं एका फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. साडेतीन फूट लांब, तेवढाच रुंद पाट झाला. प्लायवर लाकडाचा भुसा आणि सरस यांची जमीन. बांध कापडाच्या चिंध्या सरसात बुडवून केले. भाताचा खुंट काथ्याचा, एकेक चिमटीने लावलेला. कोठार दोन इंचांचं, कौलं पुठ्ठ्याची.

एवढं केलं की मॉडेल मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखं दिसतं. खरं वाटत नाही, कारण खरी वस्तू ऊन-पावसात राहिलेली असते. म्हणून त्यावर पातळ काळपट रंगाचा हात फिरवायचा. तो फटींत उतरतो. कडा कोरड्या ब्रशने फिक्या करायच्या. भिंतीच्या पायथ्याशी विटेची पूड लावायची, चिखल उडून भिंत लाल पडलीय असं वाटावं म्हणून. या कामाला आमच्याकडे 'पावसाळे चढवणं' म्हणत. क्लायंट सांगायचा, दहा पावसाळे चढवा, वीस चढवा. आम्ही चढवायचो.

कोठाराला मी वहीतल्या टिपणाप्रमाणे पावसाळे चढवले. पूर्वेच्या भिंतीवर काळे ओघळ आणि शेवाळ. पश्चिमेची भिंत जवळजवळ कोरी.

दामूअण्णा चष्मा कपाळावर चढवून वाकले.

"वसंता, तुझ्या त्या पालघरला पाऊस पूर्वेकडून येतो काय रे?"

"नाही अण्णा. समुद्राकडून. पश्चिमेचाच मारा."

"मग झोडपलेली भिंत कोरी आणि आडोशाची काळी? उलटं टिपलंस तू."

"जसं होतं तसंच टिपलंय."

अण्णांनी माझी वही ओढून ते पान पाहिलं. मग म्हणाले, "पुन्हा जा. आणि या वेळी कळवू नकोस."

मी सकाळच्या गाडीने बोईसरला उतरलो आणि पायी निघालो. खरं सांगतो, भीती वाटत होती. गावात अनोळखी माणूस वही घेऊन फिरला की त्या दिवसांत लोक आधी विचारायचे, जमीन कुणाची घ्यायला आलास? एका दुकानात पाणी मागितलं तर दुकानदाराने आधी माझी पिशवी निरखली. पाणी मग दिलं.

कोठाराशी कुणी नव्हतं. पूर्वेच्या भिंतीवर बोट ओलं करून चोळलं. काळं बोटाला आलं. वास घेतला. काजळी आणि सरस. हे मिश्रण मी स्वतः आठवड्यातून दोनदा कालवत होतो. मला ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी थोडी लाजही वाटली. माझाच धंदा कुणीतरी खऱ्या भिंतीवर केला होता, आणि मी तो पहिल्या खेपेला ओळखला नव्हता.

मग कौलं पाहिली. कौलं जुनी होती, त्यात खोट नव्हती. पण जुन्या छपरावर एका कौलाखाली दुसऱ्याचा जेवढा भाग झाकलेला असतो, तेवढा कायम स्वच्छ राहतो. इथे ते स्वच्छ पट्टे उघडे पडले होते, कुठे वर, कुठे खाली. म्हणजे कौलं दुसऱ्या छपरावरून काढून इथे नव्याने बसवली होती.

राहिली पायरी. कारभाऱ्याचं म्हणणं खरंही असू शकत होतं. भाऊसाहेब भिंत रंगवतात, तर बाई दगड का आणणार नाही? मी गुडघ्यावर बसलो. पायरीची मागची कड भिंतीखाली गेलेली होती, आणि भिंतीचा चुन्याचा गिलावा पायरीच्या वरून आला होता. म्हणजे पायरी आधीची, भिंत नंतरची. बाहेरून आणून टाकलेला दगड भिंतीखाली शिरत नाही.

"काय हुडकताय?"

सोनीबाय मागे उभी होती. पन्नाशीची, काटक. हातात कोयता. लाकडं तोडून आली असणार, पण मी उठून दोन पावलं मागे झालो.

"पायरी बघत होतो."

"माज्या घराची हाय ती."

"घर कुठंय?"

"गेल्या दिवाळीमागं भात झोडून मी लेकीकडं गेलती, सफाळ्याला. आठ दिसांनी आली तं घर नाय. महिन्याभरात ह्ये उभं. आता म्हंतात बारा वर्साचं हाय." ती माझ्या वहीकडे बघत होती. "तुमी त्यांचाच मानूस ना? त्या दिशी गजानन संगं व्हता."

"मी मॉडेल बनवतो. मी कुणाचाच नाही."

"कुनाचाच नाय असा मानूस सायबाच्या कचेरीत मी पायला नाय," ती म्हणाली. "जा आता. आनि पुन्ना येऊ नको."

परत येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते काम सोडून देतील. ते म्हणाले, "आपण वकील नाही आणि फौजदारही नाही. पण यांना मॉडेल हुबेहूब असल्याचं सर्टिफिकेट हवंय, त्यावर सही माझी आहे. तेव्हा आहे तसंच होईल. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही."

मी आहे तसंच केलं. पूर्वेला काळे ओघळ, पश्चिमेला कोरा चुना. कौलांवरचे ते उघडे पट्टे तीन केसांच्या ब्रशने काढले. सुताएवढी पायरी, मधोमध कानशीने झिजवलेली.

आठ दिवसांनी भाऊसाहेब आणि त्यांचे वकील मॉडेल बघायला आले. भाऊसाहेब खूश झाले. काथ्याच्या खुंटांवरून त्यांनी हळूच तळवा फिरवला. मग मागच्या बाजूला गेले आणि थबकले.

"ही पायरी काढा. आणि इकडची भिंतही जुनी करा."

"काढतो," अण्णा म्हणाले. "मग सर्टिफिकेट देता येणार नाही."

"म्हणजे?"

"कागदावर हुबेहूब लिहायचं आणि वस्तू वेगळी, असं मी करत नाही. दोन्हींपैकी एक घ्या."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "ती बाई तुम्हाला भेटली होती?"

"भेटली," मी म्हटलं. "पुन्हा येऊ नको म्हणाली."

वकिलांनी त्यांना दाराशी नेलं. कुजबुज झाली. मला एवढंच ऐकू आलं: "कागदाशिवाय ते नुसतं खेळणं आहे… एवढीशी तर आहे, कोण बघतंय." दोघं परत आले. मॉडेल आहे तसं पॅक करायला सांगितलं. सुनावणीच्या दिवशी मी यावं, उघडून मांडावं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडू नये, असंही सांगितलं.

पालघरच्या कचेरीत बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत ओल्या छत्र्यांचा वास होता. सोनीबाय भिंतीशी बसली होती. मी पेटी उघडली तेव्हा तिने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. ते मला लागलं. पण मी काय सांगणार होतो? मीही त्या दिवशी दोन पावलं मागे सरलो होतो.

मामलेदार मध्यमवयीन, तळकोकणातले, कमी बोलणारे. वकिलांनी छडीने एकेक बांध दाखवला. "आणि हे कोठार, साहेब. भिंत पाहा. बारा वर्षांचं आहे हे बघताक्षणी कळतं."

साहेबांनी आधी सर्टिफिकेट वाचलं. मग ते उठले. टेबलाला फेरी घालून मागच्या बाजूला गेले, आणि डोळे कौलांच्या पातळीला येतील इतके वाकले.

"ही पायरी कुठे जाते?"

वकील म्हणाले, "तो एक सुटा दगड आहे, साहेब."

"मॉडेल कुणी केलं?"

"मी, साहेब."

"सुटा आहे?"

भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. गजानन बघत होता.

"नाही साहेब. भिंतीखाली गेलाय. गिलावा त्याच्या वरून आलाय."

"आणि ही भिंत एवढी कोरी? पश्चिम आहे ना ही?"

"हो साहेब. तिथे अशीच आहे."

ते खुर्चीत जाऊन बसले. कागदावर दोन ओळी लिहिल्या. "परवा सकाळी मी जागा बघायला येतो," ते म्हणाले.

"चिखल आहे साहेब, वाट नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"माझं गाव याहून चिखलाचं आहे."

जागेवर काय झालं ते मी पाहिलं नाही. नंतर ऐकलं. साहेबांनी पूर्वेची भिंत ओल्या रुमालाने पुसली आणि रुमाल पंचांना दाखवला. कोठार उभं राहताना पाहिलेली शेजारची तीन माणसं, जी आधी तोंड उघडत नव्हती, ती रुमाल पाहिल्यावर बोलायला लागली. सोनीबायचा अर्ज मंजूर झाला. भाऊसाहेब अपिलात गेले, तिथेही तेच राहिलं. आमच्याकडे पालघरचं दुसरं काम कधी आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच कामासाठी मी चिंचणीला निघालो होतो. बोईसरच्या बाजारात सोनीबाय वालाच्या शेंगा घेऊन बसलेली दिसली. मीच जाऊन समोर उभा राहिलो.

"ते खेळनं तुमी केलं व्हतं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

"हो."

"पायरी बरोबर केलीत. पन चिंच नाय केली."

"कुठली चिंच? तिथे चिंच नव्हती."

"घराच्या कोपऱ्याला व्हती. माज्या सासऱ्यानं लावलेली. घर मोडलं तवा तीबी तोडली. खोड खनून काढलं, खड्डा बुजवला."

मला तो कोपरा आठवला. तिथे माती वीतभर खचलेली होती. वहीत मी ती टिपली होती. मॉडेलमध्ये मात्र सपाट केली होती, तेवढा भाग बरा दिसावा म्हणून. त्यावर अण्णांची हुबेहूब असल्याची सही होती.

हे मी तिला सांगितलं नाही. शेंगा घेतल्या आणि निघालो.

त्यानंतर तीस वर्षं मी मॉडेलं केली. प्रत्येक साइटवर मापं संपली की गावातलं एखादं म्हातारं माणूस गाठून विचारायचो, इथे पूर्वी काय होतं जे आता नाही? बहुतेक जण आधी संशयाने बघतात. थांबलं तर सांगतात.