अक्काचं ठिबक

पहिल्या किमोला जेवून जायचं की उपाशीपोटी? हे मी कंपाउंडरला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं, डॉक्टरांच्या दाराशी उभं राहून दोनदा विचारलं. कोणीच सांगितलं नाही! अक्का, माझी मोठी बहीण, जाऊन महिना झाला. नुसता बसलो तरी तिचा एकेक किस्सा वर येतो. हसू येतं, मग हसल्याचा राग येतो.

अक्का धुळ्याकडे दिलेली, म्हणून तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. उपचारासाठी ती सावद्याला आमच्याकडे आली होती.

किमोनं केस जातात, एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं. तिला एकटं वाटू नये म्हणून मी सरळ न्हाव्याकडे जाऊन टक्कल करून आलो. शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि गळाच काढला, "अगं माय, अक्का गेली गं!" दहा बायका जमल्या. अक्का आतून चहाची किटली घेऊन आली.

"मी जित्ती शे अजून! आधी चहा घ्या, मग रडा!"

शेवटी उपाशीच गेलो. अक्का म्हणाली, "कानबाईच्या सणाला उपास धरतो ना, तसाच धरायचा." आई, दाजी, मी, सगळ्यांनी धरला. जळगावच्या दवाखान्यात नर्स चिडली, "पेशंटला उपाशी आणलं?" अक्का म्हणाली, "एकट्या पेशंटला नाही, बाई. बठ्ठे उपाशी शेत!" नर्सनं आपला डबा उघडला. पोळ्या दोन, खाणारे चार!

सलाईन लागली. आमच्या केळीला याच वर्षी ठिबक बसवलेलं. थेंब बघून अक्का खूश. "हाई तं ठिबकच शे! आता बघ माझा घड कसा भरतो!" थेंब जरा अडकल्यासारखा वाटला, मी सवयीनं नळीला टिचकी मारली. नर्स ओरडली.

"रागावू नका बाई," अक्का म्हणाली, "आमचा पाणी देणारा शे तो!"

शेजारच्या खाटेवर जामनेरच्या एक मावशी होत्या. त्यांचीही पहिलीच वेळ. हात पदराखाली घट्ट धरलेले, सुई लावू देईनात. अक्का म्हणाली, "मावशी, माझ्याकडे पाहा. काही होतंय का मला? पुढच्या वेळी शेजारीच बसू. मी भरीत आणते." मावशींनी हात बाहेर काढला.

दोघींची पुढची तारीख एकच होती. अक्का त्याच्या पाच दिवस आधी गेली.

घरात सुतक. त्या तारखेला मी मळ्यात काटक्याकुटक्या पेटवून वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या आणि कोणाला न सांगता जळगावची एसटी पकडली.

"अक्का कुठंय रे?" मावशींनी विचारलं.

"सासरी गेली, धुळ्याला. बरी शे."

मावशींनी एक घास खाल्ला. "तिच्याच हातचं ना?"

"हो," मी म्हणालो.