सुमनच्या फ्रीजमधली वाटी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. चैत्र सरत आलेला. आभाळ निळं नव्हे, ताकासारखं पांढुरकं. आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं आणि कौलावरचे कावळे चोच उघडी टाकून गप बसले होते. असल्या दुपारी माणूस जागा असला तरी अर्धा झोपेतच असतो. मीही तसाच उंबऱ्याशी बसलो होतो. पुढ्यात वाटी, वाटीत पाणी, पाण्यात चिमूटभर सबजा.

सबजा म्हणजे मोहरीपेक्षा बारीक, काळा दाणा. पाण्यात पडला की जरा वेळ काहीच करत नाही. मग हळूच त्याच्याभोवती धुकं धरतं. बघता बघता चिमटीतला ऐवज वाटीभर होतो.

किश्श्यांचंही असंच असतं बघा. घडतात तेव्हा चिमूटभर. आपण त्यांच्याकडं लक्षही देत नाही. वर्षं गेली की फुगून बसतात, आणि एक सांगायला घेतला की दुसरा त्याला चिकटून येतो!

परवा नातीनं पुण्याहून एक पाकीट आणलं. "आजोबा, आज चिया पुडिंग करूया. वरनं आंबा, अननस, नारळाचं दूध." मी दाणे तळहातावर घेऊन बघितले. म्हटलं, "बाळ, हे सबज्याचं कुणीतरी लांबचं पावणं दिसतंय. ह्या पदार्थानं मला एकदा लई फिरवलंय."

ती हसली. मग मला सगळं आठवत गेलं.

*

तेव्हा कोल्हापुरात आमच्या गल्लीत फोन दोन होते आणि फ्रीज एकच. माझी बायको हौसा, गल्लीची हौसाक्का, विषमज्वरानं पंधरा दिवस दवाखान्यात पडून घरी आली होती. गेली तेव्हा दारात मावत नव्हती, आली तेव्हा खाटेवर चादरीची घडी ठेवल्यासारखी दिसायची. तोंड आलेलं. भाकरी नको, भात नको, चटणीचं तर नावच नको. दिवसभरात पेजेचे दोन चमचे. खाटेवरून उठायचं नाव नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "मऊ, गार, गोड काहीतरी पोटात जाऊ दे. थोडं चालू दे. तीन आठवड्यांनी वजन बघतो. नाही वाढलं तर परत भरती करून सलाईन लावायचं."

घरी आल्यावर हौसा मला एवढंच म्हणाली, "परत तिकडं नेलासा तर मी जित्ती येत न्हाय."

ती कधी उगाच बोलायची नाही. म्हणून मी घाबरलो.

शेजारच्या सुमन कांबळेचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं. ती सकाळी एका दवाखान्यात आयाचं काम करायची, दुपारी घरी. तिनं तिथं कुणा पेशंटच्या डब्यात हे बघितलं होतं: फळं, नारळाचं दूध, भिजवलेला सबजा, सगळं गार करून. ती म्हणाली, "तात्या, घशाखाली आपसूक उतरतंय. करा की!"

मी फळबाजारात तीस वर्षं हमाली केलेला माणूस. शाळेचं तोंड बघितलं नाही. अक्षरं ओळखायला शिकलो ती आंब्याच्या पेट्यांवरची. फळ डोक्यावरून वाहिलं, पण सुरीनं कधी कापलं नव्हतं. तरी पातेलं घेऊन चुलीकडं वळलो.

खाटेवरून आवाज आला, "माज्या चुलीला हात लावलासा, तर त्या हातचं पाणीबी घेनार न्हाय. सांगून ठेवतो."

आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, पुरुषासारख्या. आणि बोललं की पाळतात!

मी पातेलं खाली ठेवलं. जरा वेळानं परत उचललं.

*

पहिल्या दिवशी मी सबजा कोरडाच दुधात भुरभुरला. चमचा तोंडात घालून बघितला तर दाताखाली पंचगंगेची वाळू!

सुमन म्हणाली, "आवो तात्या, आधी पाण्यात पंधरा मिन्टं भिजवा."

भिजवला. पण मला तो फुगताना बघायचाच नाद लागला. एकेक दाणा डोळा उघडावा तसा उघडायचा. मी बघत बसलो, बसलो, आणि सावली उंबऱ्यावरून आत आली तेव्हा भानावर आलो.

सुमन डोकावली. "तात्या, मी पंधरा मिन्टं म्हटलं. पंधरा वर्सं न्हाय!"

वाटी मोठ्या आनंदानं हौसाला दाखवली. तिनं मान जरा वर केली, वाटीत बघितलं आणि परत उशीवर टाकली.

"बेडकाची अंडी," ती म्हणाली. "सोडून या वड्यात."

*

दगडू पैलवान माझा बाजारातला जोडीदार. तरुणपणी तालमीत घुमलेला, नंतर माझ्याबरोबर पेट्या उचललेला. त्याला कळलं की मी पाकिटातलं दूध वापरतोय. तो अंगावरच आला.

"आजारी मान्साला पाकीट? तात्या, लाज वाटत न्हाय व्हय?"

आमच्याकडं कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक उभ्या उभ्या पेला रिकामा करतात. दगडू तडक कट्ट्यावर गेला आणि समोर धार काढून घेऊन, फेस जिरायच्या आत पळत आला. पातेलं टॉवेलात गुंडाळलेलं, घाम कोपरापर्यंत.

माझा अननस चिरून तयार होता. कोमट दूध त्यावर ओतलं. पाव तासानं बघतो तर दूध फाटून गुठळ्या, आणि चव कडूजहर!

दगडूनं परत एकदा चाखलं. विचार करून म्हणाला, "म्हशीनं लिंबाचा पाला खाल्लाय."

आणि गेला की हो भांडायला! तासाभरानं परत आला, मान खाली.

"काय म्हणाला मालक?"

"म्हणाला, म्हशीला इच्यार."

संध्याकाळी सुमननं उलगडा केला. कच्चा अननस दुधाला नासवतो. आधी साखरेत शिजवून गार करायचा आणि गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाचं घ्यायचं. दगडूनं ते शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओल्या गवताची पेंढी घेऊन कट्ट्यावर गेला. मालकाशी एक शब्द बोलला नाही. पेंढी म्हशीपुढं ठेवली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चुकलं बाई माजं."

*

आंबा आणायला मी बाजारात गेलो ते पहाटेच. मला घाई येत नाही. पिकवायच्या खोलीचं दार उघडलं की जो वास येतो, त्यात मी तीस वर्षं काढली. गवतातला आंबा, रांगेतली केळी, कोपऱ्यातली पपई. त्या अंधाऱ्या उबेत उभं राहिलं की कुणीतरी आपल्याला पांघरूण घालतंय असं वाटतं. मी एकेक आंबा देठाशी हुंगत होतो, ठेवत होतो.

ओळखीचा व्यापारी शेवटी म्हणाला, "तात्या, आंबा घ्यायलाय का स्थळ बघायलाय?"

मी म्हटलं, "स्थळ बघायला आमच्या बानं मला नेलंच न्हाय. आंबा तरी बघू दे!"

हौसाचं माहेर नेसरीचं. तिला हापूसचं कौतुक नाही. बांधावरचा रायवळ, चोखून खायचा, दोरे दातात अडकणारा, तो तिचा आंबा. तसले सहा मिळाले. घरी येईपर्यंत पिशवी मी छातीशीच धरली होती.

*

नारळाचं दूध काढायचं म्हणजे गाळायला कापड पाहिजे. चहाच्या गाळणीतून चोथा येत होता. घरात स्वच्छ कापड शोधलं, तर पुतण्याच्या लग्नात मिळालेला फेटा सापडला. एकदाच बांधलेला. मी त्याच्या टोकात खोबरं घालून मन लावून पिळलं.

दूध गुलाबी आलं!

मला वाटलं, नारळच तसला असेल. अननस, केळी, आंब्याचा रस, सबजा, सगळं त्यात मिसळलं. रंग असा सुंदर आला की दगडू बघतच राहिला.

"तात्या, ह्ये तर लग्नातलं वाटतंय."

"लग्नातलंच हाय," मी म्हटलं.

दगडूचा चमचा तोंडाशी पोचला होता, तेवढ्यात सुमननं फेटा बघितला आणि त्याचा हात धरला. सगळं पातेलं लिंबाच्या बुंध्याशी ओतावं लागलं. दगडूचा चेहरा बघवत नव्हता.

खाटेवरून हौसा म्हणाली, "आता तुमचं धोतर ऱ्हायलंय. त्यातनंबी गाळा."

*

शेवटी एकदाचं जमलं. साखरेत शिजवून गार केलेला अननस, पपईच्या फोडी, केळं, रायवळाचा रस, वरून नारळाचं दूध, सगळ्यात शेवटी सबजा. सकाळी रंकाळ्यावर धुकं उतरतं तसा तो दुधात तरंगायचा. दोन-तीन तास गार झालं की चमचा उभा राहायचा.

गार करायला सुमनचा फ्रीज. सगळ्या गल्लीचं त्यात असायचं. कुणाचं विरजण, कुणाची कणीक, कुणाच्या बाळाचं औषध. सुमनच्या दाराला दिवसा कडी नसायची. ज्यानं त्यानं यावं, आपलं उचलावं. कुणी दुसऱ्याच्या भांड्याचं झाकणसुद्धा उचलत नसे. दगडू म्हणायचा, "बँकेत चोरी हुईल, सुमनच्या फ्रीजात न्हाय."

मी रोज सकाळी पातेलं करायचो, झाकून तिथं ठेवायचो आणि बाराच्या सुमारास वाटी भरून हौसापुढं धरायचो.

"नको."

"एक चमचा."

"सांगितलं न्हवं? त्या हातचं न्हाय."

मी वाटी परत फ्रीजात ठेवून यायचो. मग खाटेशेजारी भिंतीला टेकून बसायचो. पंखा घरघरायचा. हौसा डोळे मिटून पडलेली. तिच्या गळ्याची हाडं मोजत मोजत माझाही डोळा लागायचा.

पाच-सहा दिवसांनी एका संध्याकाळी मी वाटी आणायला गेलो. वाटी होती. धुतलेली, पुसलेली, पालथी. आत काही नाही!

*

मी सरळ दगडूला धरलं.

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "तालमीच्या मातीची आन घेतो. हौसाक्काच्या तोंडातला घास मी खाईन? मी मटान खानारा मानूस. त्या तुज्या जेवनाबरोबर तांबडा रस्सा दिलास तर इच्यार करीन!"

पण त्याला फार लागलं. तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी स्वतःच आला आणि सुमनच्या दारात राखणीला बसला. "चोर माज्या हातनंच धरनार." त्या दिवशी पदार्थाला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याला कुणी कुस्त्यांना बोलावलं, आणि वाटी पालथी!

मला चोराचा राग येत नव्हता. खाऊ दे बापडा. पण तारीख जवळ येत होती, हौसा सुमननं करून दिलेल्या पेजेवरच होती, आणि तिच्यासाठी निवडलेला रायवळ कुणा परक्याच्या पोटात जात होता. रोज जास्त करत गेलो. रोज वाटी पालथी.

*

तपासणीच्या दिवशी मी रिक्षा सांगितली. तिची दोन लुगडी पिशवीत भरून घेतली. ठेवून घेतलं तर लागतील म्हणून. ती पिशवीकडं एकदा बघून रिक्षात जाऊन बसली.

दवाखान्यात ती काट्यावर उभी राहिली. मी देवाचं नाव घेत भिंतीकडं तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, "वा! सव्वादोन किलो! पायातही जोर आलाय. काका, काय देता खायला?"

"काय न्हाय साहेब. पेज. दोन चमचे."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग हौसाकडं बघितलं. हौसा छताच्या पंख्याकडं बघत होती.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "जे चाललंय ते चालू ठेवा."

रिक्षातून येताना मी काट्याचाच विचार करत होतो. म्हटलं, दवाखान्याचा काटा बिघडलेला असणार. माणूस हवेवर कसा वाढेल?

घरी तिला निजवलं आणि तडक सुमनकडं गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. वारा तसाच पडलेला, गल्ली तशीच पेंगुळलेली.

मी म्हटलं, "सुमन, आता बास झालं. तुज्या फ्रीजला कुलूप आणतो. न्हायतर आजपास्नं दुपारी मी हितंच बसतो, डोळा न मिटता. चोराला धरल्याशिवाय उठत न्हाय."

सुमननं सूप खाली ठेवलं. आमच्या दोघांच्या घरांमधल्या त्या भिंतीवरून हात फिरवला. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाली,

"तात्या, कुलूप नको, आन राखन तर अज्याबात नको. तुमी आपलं दुपारचं झोपत जावा बघू. तुमी घोरायला लागल्याबिगर त्यो चोर भिंत धरून उंबरा वलांडत न्हाय!"