काकांचं गाऱ्हाणं

घरात कुणी आजारी पडलं की मला कामं सुचतात. ऐंशीच्या दशकात अंधेरीला माझे मोठे काका अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी काकूला आणि मला बाजूला घेऊन "आता घरीच न्या" म्हटलं. लगेच मी त्यांच्या पंख्याला तेल घातलं, खिडकीची कडी बदलली, घरात ग्लुकोज पडून असताना आणखी एक डबा आणला. त्यांच्याजवळ बसलो मात्र नाही.

"तू इलंस की माका वाटता, माझी गाडी सुटतली," काका म्हणायचे.

एका रविवारी ते म्हणाले, "गाऱ्हाणा घाल." आमच्या कोकणात गाऱ्हाणं म्हणजे एकानं नारळ ठेवून देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावी जाणं त्यांना झेपणारं नव्हतं, आणि हाताशी मीच. माझी मालवणी म्हणजे काकूच्या मते बिनमिठाची पेज. पण नारळ आणायचं काम निघालं, म्हणून मी खुशीत पळालो.

देव्हाऱ्यासमोर बसून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकू म्हणाली. काका गप्प. ऐकू गेलं नसेल म्हणून मी आवाज चढवला, शंभर वर्षांचं आयुष्य मागितलं. पुन्हा काकू एकटीच.

"काका, म्हणा ना. तुमच्यासाठीच चाललंय!"

"खोट्याक व्हय कशाक म्हणू? डॉक्टर काय बोललो ता माका ठावक हा."

काकूनं पदर तोंडाला लावला.

"मग मागू काय?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "एकटो आसलंय की भय वाटता रे. ता माग."

मी उठून चप्पल शोधू लागलो. उदबत्ती संपलीय, असं काहीतरी पुटपुटलो. काकूनं मनगट धरून मला खाली बसवलं. "उदबत्ती खंय पळान जाता? माग आधी!"

"ह्येंका एकटो पडू देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज बारीक, पण काकांचा. मग दम घेऊन पुढची मागणी त्यांनीच केली, "आणि ह्या झिलाक घटकाभर एका जाग्यार बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकू एवढ्यानं ओरडली की शेजारीण डोकावून गेली.

मी खाटेच्या कडेला बसलो. गुडघा हलतच होता. काकांनी त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.