जावळाची बट

असलं काय वाचलं की मी हसायची. शिक्षण धाव्वीपातुरच, पण भूतबीत, करणी… मला कधी पटलंच न्हाय. आता माझ्याच पोराचं हाय म्हणून लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमी कोल्हापूरचं. पोरगं माझं दीड वर्षाचं. सासूबाईंचा नवस हुता — पयलं जावळ तिरुपतीला, तवर केसाला कात्री लावायची न्हाय. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढत्यात. पण माझा भाऊ कळंब्याच्या जेलात हाय, गल्लीतल्या मारामारीपायी. माझ्या पाठचा, एकुलता. त्यानं निरोप धाडला, आक्का, जामीन हुईस्तोवर थांबा की. मी घरात सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, "जेलातल्या माणसाच्या मांडीवर माझं पोर बसायचं न्हाय." झालं. दिराच्या मांडीवर बसवायचं ठरलं. मला कोण विचारतंय?

शनिवारी पहाटं गाडीनं निघालो. हे चालवायला, दीर पुढं, मी न सासूबाई मागं. बेळगाव, हुबळी… चित्रदुर्गाच्या पुढं डब्यातली चपाती-भाजी खाल्ली न परत निघालो. भर दुपार. काचा बंद, एसी चालू. सासूबाईंचा डोळा लागला. पोरगं माझ्या मांडीवर झोपलेलं. मी जागी हुते, हे ध्यानात ठेवा… जागी हुते. आणि एकदम मांडी हलकी झाली. पोरगं दिसतंय, हात लावला तर लागतंय, पण वजनच न्हाय. उशी ठेवल्यागत. तेवढ्यात ते झोपंतच हसलं, न्हाव्यापुढं घालत्यात तशी मान खाली घातली… आणि परत जड झालं.

सासूबाई जाग्या झाल्या, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला न थांबल्या.

"मागची बट कुठं हाय ग?"

बट नव्हती. बोटभर लांब, तांबूस, कायम कानामागं वळायची ती. सरळ कापलेली. गाडी कडंला घेतली, सीटा उचलून बगितल्या, एक केस न्हाय. मग माझी पर्स उपडी केली. रस्त्याकडंला, दिरासमोर, सासूबाईंनी माझं अंग चाचपलं. कात्री न्हाय, ब्लेड न्हाय. तरी म्हणाल्या, "भावाला मान दिला न्हाय म्हणून नवस बाटवलास." ह्यांनी तोंड फिरवून गाडी चालू केली. तेच जास्त लागलं.

उरलेलं जावळ तिरुपतीला काढलं, दिराच्या मांडीवर. पोरगं घसा बसस्तोवर रडलं.

घरी आल्यावर डॉक्टरचं नाव काढून पोराला घेऊन कळंब्याला गेले. मधी काच, बोलायला फोन. मी काय सांगायच्या आधीच भाऊ म्हणाला, "आक्का, मागची बट माझ्याकडं हाय."

मी पोराला काचंजवळ धरलं. तो सांगत ऱ्हायला.

"शनिवारी जेवून बसलोतो. मांडी जड झाली, गरम. पोर बसल्यागत. भ्यालो, पण हललो न्हाय… पडंल म्हणून. मग बगतोय तर मांडीवर केसं."

खिशातनं कागदाची पुडी काढून काचंला लावली. तांबूस, वळलेली. पोरानं काचंवर हात मारला न हसलं… गाडीत झोपंत हसलेलं, तस्संच.

ती पुडी मला घेता आली न्हाय. मधी काच.

तिरुपती झाली की अंबाबाईला जायचं असतंय. ते अजून ऱ्हायलंय. येत्या शुक्रवारी नेणार हायत. देवीसमोर पोराच्या डोक्यावर हात ठेवून कबूल हो म्हणत्यात, न्हायतर पोर हितं ठेव न माहेरला जा. माहेरात कोण हाय? आई-बाप गेले, घराला कुलूप. मी कापली न्हाय, हे शप्पथ घेऊन सांगीन. पण मग कुणी कापली, असं विचारलं तर? भावाचं नाव घेतलं तर येडी म्हणतील, न्हाय घेतलं तर खोटी. मला तरी कुठं काय कळतंय… तो आत हुता, कुलपात. आमी चित्रदुर्गाच्या पुढं.