दोन आकाशगंगांच्या मधली ऊब

लीलाधर कटरे सालेकसाहून रोज पॅसेंजरने गोंदियाला जायचा. तिथल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचा. वय एकेचाळीस, कंबर धरलेली, आणि पीएचडी अजून लटकलेलीच.

विश्व कोवळं असताना पहिले तारे पेटले. त्यांच्या प्रखर उजेडाने आकाशगंगांच्या मधल्या विरळ वायूचे अणू फुटले आणि तो गार वायू तापला. किती तापला, हे लीलाधर संगणकावर मांडून बघत होता. सासऱ्यांनी तर तोंडावरच विचारलं होतं, "तिथं कोणी राह्यते का? मंग कायले तापवून राहिले?"

धानाची कापणी झाली तेव्हा नागपूरच्या मार्गदर्शक मॅडमनी बोलावून घेतलं.

"तुम्ही सगळा वायू एकदमच तापला असं धरलंय. काही भाग आधी उजळला, काही मागून. मागचा तापेपर्यंत आधीचा निवायला लागला असणार. पुन्हा करावं लागेल."

म्हणजे सगळंच. राग यायलाही त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

घरी आला तर बायको शामकला अंगणात धान वाळवत होती.

"सोडून देतो," तो म्हणाला.

"सोडा. पण मंग रोज तोंड पाडून बसू नका. मले नाई पाहवत."

बरेच दिवस त्याने लॅपटॉप उघडला नाही. तरी गाडीत दांड्याला धरून उभा असताना डोकं तिकडेच जायचं: उशिरा तापलेला भाग आज किती गरम असेल? स्वतःचाच वैताग यायचा. शेवटी पुन्हा लॅपटॉप उघडून बसला.

हिवाळा गेला, उन्हाळाही सरत आला. मग एका दुपारी आकडे क्वेसार नावाच्या दूरच्या, अतितेजस्वी आकाशगंगा-केंद्रांच्या प्रकाशावरून काढलेल्या मापांजवळ आले. त्याने शामकलाला हाक मारली.

"हे पाय. इथं उजेड उशिरा पोचला, म्हणून इथं जास्त गरम हाय."

तिने पडद्याकडे नीट पाहिलं. "खरं हाय का हे?"

"मापांशी तं जुळून राहिलं."

"मंग आता जेवा."

पदवी मिळाली. कॉलेजने पुन्हा तासिकेवरच घेतलं. त्याआधी, नागपूरला तोंडी परीक्षा देऊन परतताना, गोंदियाला गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि तो असा झोपला, की सालेकसा मागे पडल्याचं कळलंच नाही. दरेकसाला उतरून त्याने घरी फोन लावला.

"पुढे आलो मी."

"तिथंच बसा," शामकला म्हणाली, "स्कुटी घेऊन येतो."

फलाटावरच्या बाकावर पाय पसरून तो वाट बघत बसला.