पखवाजाची कणीक

आमच्या घरात रोज गव्हाची कणीक खाणारे दोघंच होते, पखवाज आणि गाय. मी आणि माय ज्वारीची भाकर खायचो. राजूरकडच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा सगळ्यांचंच खाणं ते. गव्हाची पोळी व्हायची सणाला, नाहीतर कुणाचा जावई आला तर. पण पखवाजाला सणवार कुठले कळतात! त्याच्या उजव्या तोंडाला शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडाला मात्र दर खेपेला ओली कणीक थापावी लागते, तेव्हाच तो घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून गाईला घालायची, असा रिवाज. त्यामुळे आमची गाय भजनावर फार खूश असायची.

पखवाज एका म्हाताऱ्या बुवांचा होता, पण गाव त्याला आपलाच समजायचं. दर एकादशीला मारुतीच्या देवळात भजन बसायचं आणि माघातल्या चतुर्थीला सगळी मंडळी गाड्या जुंपून राजूरच्या गणपतीला जायची. बुवांचे हात आता कापायला लागले होते. दसऱ्याला त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ह्या माघी चतुर्थीला राजूरला जो वाजवील, पखवाज त्याचा. गावातलं कुणी तयार न्हाई झालं, तर टेंभुर्णीच्या भजनाला देऊन टाकतो. मुकं वाद्य खुंटीला टांगून ठेवणं बराबर न्हाई."

गावात शिकणारा मी एकटा. रोज सरावासाठी पखवाज माझ्याच घरी असायचा. वडील लवकर गेलेले, शेत माझ्या अंगावर, तरी पखवाजाचं वेड काही सुटत नव्हतं. तो टेंभुर्णीला गेला असता, तर मला घर सुनं झाल्यासारखं वाटलं असतं.

पहिल्या वर्षी मी भराभर शिकलो. ठेका हातात बसला, बुवा मान डोलवायला लागले, आणि मला वाटलं, आपण काय, जन्मजात पखवाजी! मग गाडी जी रुतली ती रुतलीच. भजन रंगात येऊन टाळ दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत गेले, की माझा डावा हात मागं पडायचा. दसऱ्याला मागं, दिवाळीला मागं, आणि दिवाळी उलटून गेली तरी तेवढाच मागं. एक टाळकरी म्हणायचा, "आरं, त्या डाव्या हाताला बैल जुंपू का?" मी जात्याच तापट. पखवाजावर चिडायचो, टाळकऱ्यांवर चिडायचो, स्वतःच्या हाताला शिव्या घालायचो.

बुवा म्हणायचे, "जल्दी कशाची हाय तुला? उजवा हात मांडीवर ठेव. नुसता डावा वाजव. हळू, बिलकुल हळू." मला ते पुन्हा बाराखडीला बसवल्यासारखं वाटायचं. मी काही ते मनावर घेतलं नाही.

मार्गशीर्षात आमचं गव्हाचं मडकं तळाला गेलं. नवा गहू फाल्गुनात निघणार. पीठ काढता काढता माय सहज बोलली, "रोज मूठभर देऊन राह्यले मी. हात चालला का न्हाई पोरा तुझा?" तिच्या मनात काही नव्हतं, पण मला झोंबलं. म्हटलं, जो हात वर्ष झालं तरी पुढं सरकत नाही, त्याला गहू कशाला? ज्वारी बास झाली त्याला!

एकादशीला मी गुपचूप ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळलं आणि पखवाजाला थापलं. ज्वारीला चिकटपणा नसतो हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं की! पण कढत पाण्यानं तेवढ्यापुरतं धरेल, असं वाटलं. देवळात सुरुवातीला धरलंही. मग भजन चढलं, मी जोर लावला, आणि पिठाचा अख्खा थर निसटला. माझ्या मांडीवरून घरंगळत तो थेट वीणेकऱ्याच्या पायाशी जाऊन पडला.

"आरं, भाकर पडली रं!" कुणीतरी ओरडलं. सगळं देऊळ हसायला लागलं. बुवासुद्धा हसले. मी पखवाज उचलला आणि तडक घरी आलो.

"उद्या बुवाला नेऊन देतो हा," मी मायला सांगितलं. "माझ्यानं होत न्हाई."

काय झालं ते ऐकून ती आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसली. मग म्हणाली, "येड्या, तुला गहू द्यावा का ज्वारी, हे इचारलं कुणी? कणीक काय तुझी हाय? ती पखवाजाची हाय. तुझा हात चालो का न चालो, त्याला त्याचं लागतं."

दुसऱ्या दिवशी बुवा परगावी गेले होते, म्हणून पखवाज खुंटीलाच राहिला. संध्याकाळी रानातून आलो तर कोनाड्यात ओल्या फडक्यात कणकेचा गोळा. मी तो उचलून गाईला घातला. पुढच्या दिवशी पुन्हा गोळा, पुन्हा गाय. बुवा परत आले तरी पखवाज नेऊन द्यायला माझे पाय उचलेनात, आणि गोळा काही चुकेना. शेवटी मी भडकलो. "माय, गहू संपून राह्यला आन् तू गाईला कणीक चारतीस!"

"मी कुठं चारते? मी पखवाजासाठी मळते," ती शांतपणे म्हणाली. "गाईला तर तू घालतोस."

रागारागातच मी पखवाज खाली काढला.

त्या दिवसापासून बुवांचं ऐकलं. उजवा हात मांडीवर, डावा एकटा, बैल चढावर पाय टाकतो तसा. इतका कंटाळा यायचा की विचारू नका. पौष सरत आला तरी काही फरक पडतोय असं वाटेना. माय तिथंच बसून ज्वारी पाखडायची. एकदा न राहवून मी तिला विचारलं, "काई बदल वाटतो का गं?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पर आधी तू अडखळलास की माझं सूप थांबायचं. आज सगळी ज्वारी पाखडून झाली, तरी सूप थांबलं न्हाई."

एवढंसं बोलणं, पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी उजवा हातही सोबत घेतला.

चतुर्थीला मडक्यातलं उरलंसुरलं पीठ मळून तिनं माझ्याबरोबर दिलं. गुरं असल्यामुळं ती स्वतः आली नाही. राजूरला हीऽ गर्दी! टेंभुर्णीचे दोघे जण पखवाज न्यायच्या तयारीनंच आले होते. बुवा माझ्या समोर बसले. भजन चढलं, टाळ दुगणीत गेले. डाव्या हाताकडं मी पाहिलंच नाही. टाळ थांबले तेव्हा कळलं, दुगण निभावून गेली होती.

बुवांनी शाबासकी दिली नाही. नुसतं म्हणाले, "कणकेला पाणी लाव, सुकून राह्यली. आरती बाकी हाय." टेंभुर्णीचे दोघे हसत उठले आणि प्रसादाला गेले. परतताना बुवांनी स्वतः पखवाज आमच्या गाडीत ठेवला.

माय दारातच उभी होती. गाडीत काय आहे ते तिनं पाहिलं, तरी विचारलं एवढंच, "कणीक टिकली का?"

"टिकली," मी म्हणालो, आणि एवढा बाप्या मी, पण मला रडूच फुटलं. तिनं ती कणीक खरवडून गाईच्या पुढ्यात धरली. "खा बाई," ती गाईला म्हणाली, "आता तुझी रोजची सोय झाली."