तुरीनच्या बागेतला प्रश्न

तुरीनला मुलीकडे आलो तेव्हा तिने एका वहीत इटालियन वाक्यं देवनागरीत लिहून दिली. "बाबा, बागेतली म्हातारी माणसं राजकारणावरच बोलतात. तुम्हाला करमेल." काल बाकावरच्या एका आजोबांना मी वहीत बघून विचारलं, "लेई कोझा पेन्सा देल गोवेर्नो?" सरकारबद्दल तुम्हाला काय वाटतं? ते हसले, हातवारे करत बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "ए लेई?" आणि तुम्हाला?

वहीत उत्तर होतं: मला राजकारणातलं काही कळत नाही. किती सभ्य वाक्य आहे. ते बोलणारा घाबरलाय, अशी शंकाही येत नाही. पण माझ्याने ते वाचवेना. आणीबाणीत हेच मी कुसुमवहिनींना ऐकवलं होतं. त्यांचे यजमान मी शिकवायचो त्याच शाळेत शिक्षक. सभेत बोलले म्हणून त्यांना पकडून नेलं. त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सह्या घेत वहिनी माझ्या दारात आल्या होत्या. त्या सभेत मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

सुटल्यावर ते घरी चहाला आले. "तुमच्यापर्यंत अर्ज पोचलाच नाही म्हणे," ते म्हणाले. वहिनींनी माझी लाज राखली होती. मी मान हलवली आणि पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिलो.

आजोबांना मी हे सगळं मराठीत सांगून टाकलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्याला एक अक्षर कळत नाही त्याच्यापुढे कबुली देणं, हीही माझी सोयच. म्हणून इथे जाहीर लिहितो. वहिनी आणि त्यांचे यजमान दोघंही आता नाहीत, पण त्यांची मुलं हे वाचतील. अर्ज माझ्या हातात आला होता. मी तो पूर्ण वाचला आणि परत दिला.